मा. गव्हर्नर, आमची बिलं ९० दिवसांत येत नाहीत

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

आदरणीय महोदय,

मी भोसरी एमआयडीसीत छोटं मशीन शॉप चालवतो. मोटारी आणि ट्रकना लागणारे काही सुटे भाग आमच्या सीएनसी आणि व्हीएमसी मशीनवर तयार होतात. ते मोठ्या व्हेंडरकडे जातात आणि तिथून चाकण-पिंपरीच्या असेंब्ली लाइनवर. गाडीवर जिचं नाव असतं त्या कंपनीपासून आम्ही दोन पायऱ्या खाली. व्याजदर कमी करा असं सांगायला हे पत्र लिहीत नाही, आणि कर्जमाफी तर मला नकोच आहे. पुढची मंदी येईल तेव्हा आमच्यासारखे कितीतरी चालते कारखाने एकाच कारणानं बंद पडतील. ते कारण दूर करणं बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे आणि ते मंदी यायच्या आधीच करावं लागेल, म्हणून लिहितो आहे.

२०१९ ची मंदी आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएसनं देणी थकवली, बिगरबँक वित्त कंपन्यांकडचा पैसा आटला आणि गाड्यांची कर्जं अडली. त्याआधी जुलैमध्ये सरकारनं ट्रकची भारमर्यादा वाढवली होती. आहे त्याच ट्रकमध्ये जास्त माल जायला लागल्यावर नवा ट्रक कोण घेणार? त्यात १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष येणार म्हणून गिऱ्हाईक थांबलेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपन्यांकडून डीलरांकडे गेलेल्या प्रवासी वाहनांची संख्या आदल्या ऑगस्टपेक्षा ३१.५७ टक्क्यांनी कमी झाली. उत्पादकांच्या संघटनेनं आकडे ठेवायला सुरुवात केल्यापासूनची ही सगळ्यात मोठी घसरण होती. मोठ्या कंपन्यांनी ‘ब्लॉक क्लोजर’, म्हणजे काही दिवस उत्पादन बंद, जाहीर केले. भोसरीत त्याचा अर्थ असा, की आठवडा संपता संपता फोन यायचा : पुढचं शेड्यूल निम्मं, किंवा शून्य. माल मशीनवर चढलेला असो की प्लेटिंगला गेलेला असो.

अशा वेळी छोटा कारखानदार सगळ्यात आधी ओव्हरटाइम थांबवतो, मग दुसरी शिफ्ट. कंत्राटी मुलं बॅगा भरून गावी जातात. मशीन बंद असलं तरी विजेचा डिमांड चार्ज सुटत नाही, म्हणून महावितरणकडे अर्ज करून कॉन्ट्रॅक्ट डिमांड कमी करून घ्यायची. रिकाम्या दिवसांत मशीनची रेंगाळलेली देखभाल उरकायची. मशीन लावून देणाऱ्या सेटरला मात्र सहसा कुणी हात लावत नाही. वर्षानुवर्षं एकाच मशीनवर राबून ज्याच्या बोटांना मायक्रॉन कळायला लागलेत, तो माणूस एकदा गेला की तेजी आल्यावर परत मिळत नाही. त्याचा पगार निघावा म्हणून मालक स्वतः काही घेत नाही, घरातलं सोनं तारण जातं, भिशी आधी उचलली जाते. जर्मनीत २००९ च्या मंदीत कमी तास काम करणाऱ्या कामगारांच्या बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी यंत्रणेनं भरून दिला. त्या वर्षी मे महिन्यात सुमारे १५ लाख कामगार त्या योजनेत होते, आणि मागणी परतली तेव्हा तिथल्या कारखान्यांना कुशल माणसं शोधत हिंडावं लागलं नाही. आपल्याकडे हा भार मालकाचं घर उचलतं. याबद्दल तक्रार नाही. आपल्या माणसांसाठी एवढं करायलाच हवं.

मंदीतून खरी सुटका होते ती दुसरं काम मिळवून. पंप, शेतीची अवजारं, अन्नप्रक्रियेची यंत्रं, रेल्वे, जिथे मिळेल तिथे. कोल्हापूरनं हे फार पूर्वी करून दाखवलं. पाणी उपसायच्या ऑइल इंजिनांवर मोठा झालेला तिथला यंत्रउद्योग, विजेचे पंप आल्यावर मोटारी आणि ट्रॅक्टरच्या कास्टिंगकडे वळला आणि टिकला. मोठ्यांनीही तेच केलं. २०००-०१ साली ट्रक बनवणाऱ्या टेल्कोला ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला; कंपनीनं खर्चाला कठोरपणे कात्री लावली आणि २००५ मध्ये ‘एस’ हा छोटा ट्रक बाजारात आणला. बजाजच्या स्कूटरचे दिवस सरत होते तेव्हा, २००१ मध्ये, ‘पल्सर’ आली.

पण दुसरं काम उभं राहायला वेळ लागतो. सॅम्पल द्यायचं, तपासणी व्हायची, मंजुरी यायची, मग पहिली ऑर्डर. तोवर पगार, वीज, मशीनचे हप्ते चालूच. टेल्कोला तो वेळ मिळाला, कारण तिच्यामागे मोठा उद्योगसमूह होता. आम्हाला तो वेळ काढायला दोनच आधार असतात : झालेल्या कामाची यायची असलेली बिलं आणि बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट. मंदीत हे दोन्ही एकाच वेळी जातात.

आधी बिलांचं सांगतो. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज. माल पोचल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा धरायचा. कागदावर याहून चांगला कायदा मलाही लिहिता येणार नाही. प्रत्यक्षात मंदीच्या महिन्यांत माल गिऱ्हाइकाच्या स्टोअरमध्ये पडून राहतो, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) होत नाही आणि जीआरएन नाही म्हणून बिल पुढे सरकत नाही. आमच्या एका गिऱ्हाईक कंपनीनं २०१९ मध्ये पैसे द्यायचे दिवस ६० वरून ९० वर आणि ९० वरून १२० वर नेले. वर ‘कॉस्ट डाउन’ म्हणून मागच्या पुरवठ्यावर डेबिट नोट लावली. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, ते मला माहीत आहे. तक्रार करणाऱ्याचं पुढचं शेड्यूल कुणाकडे जातं, हेही भोसरीत सगळ्यांना माहीत आहे. दरम्यान त्या बिलावरचा जीएसटी आम्ही पुढच्या महिन्यात आमच्या खिशातून भरलेला असतो आणि कंपनीनं त्याचं क्रेडिट घेतलेलं असतं.

आता बँक. दर महिन्याला आम्ही स्टॉक स्टेटमेंट देतो आणि त्यावरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून किती रक्कम उचलता येईल ते, ठरते. ती काढताना ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बँका सर्वसाधारणपणे धरत नाहीत. म्हणजे गिऱ्हाइकानं १२० दिवस लावले, की ज्या महिन्यात आम्हाला पैशाची सर्वाधिक गरज असते, त्याच महिन्यात आमची लिमिट आकसते. खातं ओव्हरड्रॉन होतं. ३० दिवसांनी ते एसएमए-१ (धोक्याच्या यादीत), ६० दिवसांनी एसएमए-२, ९० दिवसांनी एनपीए (थकीत कर्ज). उशिराची नोंद सिबिलवर गेली, की दुसरी बँक दारात उभं करत नाही. मग उरते पतसंस्था आणि तिच्यापुढे खासगी सावकार. कंपनीनं आमचे पैसे चार महिने बिनव्याजी वापरले, आणि थकबाकीदार आम्ही ठरलो. तिच्या पतमानांकनाला धक्का नाही. ज्या कारखान्याची येणी देण्यांपेक्षा जास्त आहेत, ज्याच्याकडे काम करणारी माणसं आणि चालती मशीन आहेत, तो असा बंद पडतो. माझ्या मते हा अन्याय आहे, आणि तो दर मंदीत त्याच क्रमानं घडतो.

रेपो दर कमी करून हे सुटत नाही. ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात आपल्या बँकेनं रेपो ९ टक्क्यांवरून ४.७५ टक्क्यांवर आणला. मे २०२० मध्ये तो ४ टक्के झाला. ऑक्टोबर २०१९ पासून आमची बदलत्या व्याजाची नवी कर्जं बाह्य दराशी जोडली गेली, त्यामुळे कपात आमच्यापर्यंत पूर्वीपेक्षा लवकर पोचते, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण ज्या खात्यात ड्रॉइंग पॉवरच उरलेली नाही, त्याला स्वस्त व्याजाचा काय उपयोग? कोविडच्या वर्षी आम्ही वाचलो ते मार्च ते ऑगस्टच्या हप्तेस्थगितीमुळे आणि केंद्र सरकारच्या पूर्ण हमीवर, नवं तारण न मागता मिळालेल्या २० टक्के जादा कर्जामुळे. ती योजना चांगली होती. तरी त्या कर्जातला काही भाग आम्ही आमच्याच अडकलेल्या पैशांच्या बदली घेतला आणि त्यावर व्याज भरलं.

म्हणून पहिली विनंती ९० दिवसांबद्दल. जे बिल जीएसटी पोर्टलवर आहे, ज्याचं क्रेडिट खरेदीदारानं घेतलेलं आहे, ते बिल खरं आहे याचा आणखी पुरावा बँकेला कशाला हवा? अशी येणी १८० दिवसांपर्यंत ड्रॉइंग पॉवरमध्ये धरू द्यावीत, आणि केवळ तेवढ्यामुळे खातं थकलं असेल तर एनपीएची मुदतही तेवढीच असावी. ही मागणी नवी नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये जीएसटीच्या धक्क्यातून सावरायला म्हणून रिझर्व्ह बँकेनंच २५ कोटींपर्यंत कर्ज असलेल्या, जीएसटीत नोंद असलेल्या एमएसएमईंना थकबाकीसाठी १८० दिवसांची मुदत दिली होती, आणि जूनमध्ये ती सवलत जीएसटीत नोंद नसलेल्या एमएसएमईंनाही लागू केली. फक्त ती प्रत्येक वेळी संकट ओढवल्यावर, परिपत्रकाची वाट पाहून मिळू नये. एखाद्या क्षेत्राचं उत्पादन ठरावीक पातळीखाली गेलं, की ती आपोआप लागू व्हावी आणि सावरल्यावर आपोआप संपावी.

सवलतींनी सवय लागते, अशी भीती आपल्याला असणार, आणि ती रास्त आहे. बँकेत ठेवी सामान्य माणसाच्या असतात. माझ्या आईवडिलांच्याही आहेत. २००८ नंतर पुनर्रचनेच्या सवलती लांबत गेल्या, बुडीत कर्जं झाकली गेली आणि मार्च २०१८ पर्यंत बँकांचा सकल एनपीए ११ टक्क्यांच्या वर गेला. पण त्यातला मोठा वाटा मोठ्या कर्जदारांचा होता. आमच्यासाठी मी जे मागतो आहे, ते प्रत्येक बिलाला बांधलेलं आहे. ज्याच्याकडे झालेल्या कामाचं बिलच नाही, त्याला यातून एक रुपयाही मिळू नये. जो धंदा मुळातच बुडीत आहे, तो बंद व्हावा, असंच माझंही मत आहे.

दुसरी विनंती मोठ्या कंपन्यांबद्दल, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. ज्या कंपन्या सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या पुढे थकवतात, त्यांना २०१९ पासून दर सहा महिन्यांनी त्याचं विवरण कंपनी कामकाज मंत्रालयाकडे भरावं लागतं. म्हणजे कुणी कुणाचे किती पैसे अडवले, ही माहिती सरकारदरबारी आहे. याच कंपन्यांची बँक लिमिट दर वर्षी नव्यानं मंजूर होते. त्या वेळी बँकेनं हे विवरण मागावं आणि थकबाकी असेल तर व्याजदर वाढवावा किंवा लिमिट कमी करावी, एवढं आपण बँकांना सांगू शकता. प्राप्तिकर कायद्यात वेळेवर न दिलेल्या पैशांची वजावट २०२४ पासून रोखली गेली, त्याचा परिणाम आम्ही पाहिला. मार्च जवळ आला की अडकलेली बिलं निघायला लागली. पैसे नाहीत म्हणून ती अडली नव्हती, हे त्यावरून कळतं.

ट्रेड्सचंही असंच आहे. बिल प्लॅटफॉर्मवर विकून लगेच पैसे मिळण्याची ही सोय आपणच उभी केली. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी करायची होती. पण नोंदणी सक्तीची आहे, बिल स्वीकारणं नाही. खरेदीदारानं होकार दिल्याशिवाय बिल पुढे जात नाही, आणि मंदीत तो होकार येत नाही. क्रेडिट घेतलेलं बिल स्वीकारलेलं आहे, असं मानण्याचा नियम केला तर हा अडथळा उरत नाही.

आणि एक. आजारी पडू लागलेल्या छोट्या उद्योगांची खाती एनपीए होण्याआधी बँकेनं समितीपुढे न्यावीत, अशी चौकट केंद्र सरकारनं २०१५ मध्ये आणली, आणि पुढच्या वर्षी आपण ती बँकांना लागू केली. ती बँकांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं. एसएमए-१ ची वेळ आली, की या चौकटीचा अर्ज कर्जदाराच्या हातात मराठीतून देणं शाखेला सक्तीचं करावं.

आज भोसरीत मशीन चालू आहेत, म्हणून हे सगळं शांतपणे लिहिता येतं. शेड्यूल शून्यावर आलं की आमच्याकडे पत्र लिहायला वेळ नसेल, आणि आपल्याकडे विचार करायला. हे नियम तेजीतच लिहून ठेवावेत, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

आपला,
भोसरी एमआयडीसीतील एक लघुउद्योजक