शकुंतला ही खेळण्यातली गाडी नव्हे



शकुंतला रेल्वे ‘वारसा’ म्हणून जपावी, हौशी मंडळींनी बिनपगारी राबून ती चालवावी, अशी एक कल्पना आहे. कल्पना वाईट नाही. पण वारसा कुणाचा, हे आधी ठरू द्या.

हे अडीच फुटी रूळ पडले ते कापसासाठी. मूर्तिजापूर–यवतमाळ 113 किलोमीटर. मूर्तिजापूर–अचलपूर 76 किलोमीटर, 1913 साली. जिनातल्या गाठी मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला, पुढे बोटीने मँचेस्टरला. गाडी ओढणारे वाफेचे इंजिनही 1921 साली मँचेस्टरलाच घडले. कापूस तिकडे गेला, इंजिन इकडे आले. भाव कुणी ठरवला ते सांगायला नको. स्वातंत्र्यानंतरही मालकी खासगी कंपनीची, गाडी चालवणार सरकारी रेल्वे. दोन घरचा पाहुणा उपाशी! डागडुजी राहिली. 1994 साली वाफ जाऊन डिझेल आले, तरी चाल बैलगाडीचीच. पण तिकीट एस.टी.पेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणून मजूर आणि बाजारकरणी तिनेच जात.

मुंबईत सांताक्रूझच्या फलाटावर एक लोकल चुकली तर पाच-दहा मिनिटांत दुसरी येते. आपली एकच होती, तीही आता नाही.

वेल्समध्ये टॅलिलिन नावाची अशीच अरुंद लाइन आहे, 1865 सालची, पाटीच्या दगडासाठी टाकलेली. 1950 साली मालक वारला. लोकांनी संस्था काढली आणि 1951 पासून स्वयंसेवक ती चालवतात. स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली ही पहिली रेल्वे. तिकडच्या माणसाला रविवार असतो. आपल्याला मृगात पेरणी, मग डवरणी-निंदण, दिवाळीपासून वेचणी, त्यातच ज्वारीची राखण. रूळ घासायला कोण जाणार?

तेव्हा शहरातल्या हौशी मंडळींनी दहा-पंधरा किलोमीटरचा तुकडा घ्यावा, खुशाल चालवावा. भाकर-ठेचा आम्ही देऊ, पैसे घेऊन. पण उरलेल्या लांबीवर 2016 साली जाहीर झालेले ब्रॉडगेज हवे, आणि त्यावर गाठी व ज्वारी चढवायला मालधक्के हवेत. पर्यटकांची गाडी दाखवून मालगाडीची मागणी कुणी गुंडाळू पाहील, तर ते चालणार नाही.

रुळालगतच्या गावांनी आपापल्या ग्रामसभेचा ठराव करून जिल्हा मेळाव्याला आणावा. मालधक्का कुठे हवा, त्या स्टेशनाचे नाव ठरावात लिहावे.