मार्चअखेर आणि कांद्याची काढणी

मार्चचा दुसरा पंधरवडा लागला की संस्थांच्या फळ्यावर सूचना झळकते: ‘31 तारखेपर्यंत कोणाचीही रजा मंजूर होणार नाही.’ आळे आणि आळेफाट्याच्या परिसरातल्या पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था यांत ‘एचआर’ नावाचे स्वतंत्र खाते सहसा नसते. हजेरीपत्रक, पगारपत्रक, पीएफचे चलन आणि रजेचे रजिस्टर हे सगळे एकाच क्लार्कच्या टेबलावर. वसुलीच्या गाडीत जागा उरली तर तोही त्यात बसतो. व्यवसाय कर महिन्याला 200 असताना फेब्रुवारीत 300 का कापला, हे तो दरवर्षी नव्याने समजावतो. वर्षाचे अडीच हजार भरायचे असतात, बाबांनो! जुनी करप्रणाली हवी असल्याचे कोणी ऐन फेब्रुवारीत सांगतो, विम्याच्या पावत्या तर मार्चमध्येही येत नाहीत. मग राहिलेला सगळा कर शेवटच्या पगारातून जातो आणि शिव्या क्लार्कला बसतात.

हे निभावून नेता येते. खरी अडचण रजेची आहे. उन्हाळी कांदा याच दिवसांत काढणीला येऊ लागतो आणि इथला नोकरदार अर्धा शेतकरी असतो. मजुरांची टोळी मिळेल त्या दिवशी वावरात घरचे माणूस लागते. टोळी 1 एप्रिलची वाट बघत नाही. मुदतीत फेड केली तरच 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज लागत नाही, त्यामुळे दुसऱ्यांच्या दारात वसुलीला उभ्या असलेल्या माणसाला स्वतःच्या भरण्याचाही घोर असतो. एप्रिल ते मार्च हे सरकारी वर्ष 1867 साली इंग्रजांनी बसवले. ते बसवताना कांद्याचा विचार त्यांनी केला नव्हता, हे उघड आहे.

मार्चमध्ये रजा बंद ठेवणे एक वेळ समजू शकते. पण अर्ज तोंडी परतवायचा आणि 1 एप्रिलला ‘शिल्लक रजा बुडाली’ असे सांगायचे, ही शुद्ध लबाडी आहे. दुकाने व आस्थापनांसाठीच्या राज्याच्या 2017 च्या कायद्यात किरकोळ रजा वर्षाअखेरीस बुडते हे खरे. पण अर्जित रजा 45 दिवसांपर्यंत साठवता येते आणि जादा कामाला दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो. रात्री अकरापर्यंत ताळेबंद जुळवणाऱ्याला वडापाव देऊन हा हिशेब मिटत नाही.

संचालक मंडळांत कांदा उत्पादक कमी नाहीत. काढणीला माणूस नसला की काय होते, हे त्यांना सांगायला नको. त्यांनी एप्रिलच्या सभेत एवढाच ठराव करावा: मार्चमधली रजा नाकारायची तर लेखी नाकारावी आणि ती पुढच्या वर्षाच्या खात्यात जमा धरावी.