चौथा गडी कोठे होता?

यंदाच्या तालुका स्पर्धेत आमच्या शाळेचा फुटबॉल-संघ दुसऱ्याच फेरीत गारद झाला, हे वाचकांस ठाऊकच आहे. तीन खेळाडू जायबंदी, त्यांतील दोघे बचावफळीतील; मग व्हायचे ते झाले. परतीच्या बसमध्ये सारे मुके होऊन बसले असता मागच्या बाकावरून एक आवाज आला, "सर, आपले लिव्हरपूल झाले!" सारी बस हसली आणि मनावरचा भार थोडा हलका झाला. परंतु ह्या एका वाक्यावरून दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत जो वाद पेटला, तो आठवडाभर विझला नाही. गोव्यातील मुलांस फुटबॉलचे वेड कोणी लावावे लागत नाही. कापणी होऊन शेते सुकली की गावोगावी चेंडू उडू लागतो. अशा मुलांत विलायती संघांचे पक्ष पडले तर नवल ते काय?

वाद होता तो लिव्हरपूलच्या २०२०–२१ च्या मोसमाविषयी. एका पक्षाचे म्हणणे असे की, त्या संघास दैवाने दगा दिला, त्यात कोणाचाच दोष नव्हता. दुसरा पक्ष म्हणे की, तो संघ एकाच माणसाच्या खांद्यावर उभा होता. तो खांदा सरकला आणि छप्पर कोसळले. दोन्ही पक्षांनी शेवटी निवाड्यासाठी आमच्याकडे धाव घेतली. निवाडा तोंडी देण्याजोगा नाही, आणि त्यात आमचाही एक हिशेब चुकता करावयाचा आहे, म्हणून तो येथे लिहून देत आहोत.

आदल्या मोसमात, म्हणजे २०१९–२० मध्ये, ह्याच संघाने ३८ सामन्यांत ९९ गुण मिळवून तब्बल ३० वर्षांनी इंग्लंडचे विजेतेपद परत आणले होते. दुसऱ्या क्रमांकाचा संघ १८ गुणांनी मागे राहिला. ह्या यशाचा कणा म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी खेळणारा डच खेळाडू व्हर्जिल व्हॅन डाइक. त्या मोसमातील ३८ सामन्यांपैकी एकाही सामन्यातील एकही मिनिट तो मैदानाबाहेर बसला नाही. ही गोष्ट त्या वेळी मोठ्या कौतुकाने सांगितली जाई. आज ती वाचताना आम्हांस मात्र तीत धोक्याची सूचना दिसते.

१७ ऑक्टोबर २०२० रोजी एव्हर्टनविरुद्धच्या सामन्यात, खेळ सुरू होऊन काही मिनिटेच झाली असता, प्रतिपक्षाचा गोलरक्षक व्हॅन डाइकच्या पायावर आदळला. गुडघ्याचा स्नायुबंध फाटला आणि त्याचा मोसम तेथेच संपला. त्याच सामन्यात नवा हाफ थियागोही दुखावला व वर्षअखेरपर्यंत दिसला नाही. नोव्हेंबरात जो गोमेझ इंग्लंडच्या संघाबरोबर सराव करीत असता गुडघा गमावून बसला. उरला जोएल मातिप. तो खेळे, थांबे, पुन्हा खेळे, आणि २८ जानेवारी २०२१ रोजी टॉटनहॅमविरुद्ध घोट्याच्या दुखापतीने तोही गेला. मधल्या बॅकच्या जागेचे तिन्ही अनुभवी खेळाडू अशा रीतीने एकाच मोसमात अंथरुणास खिळले. एवढ्यावरून पाहिले तर पहिल्या पक्षाचे म्हणणे खरे वाटते. असा घाला वारंवार पडत नाही.

परंतु 'तिन्ही' ह्या शब्दापाशी आम्ही थबकतो. मोसम सुरू होण्यापूर्वी ते चार होते. चौथा, डेयान लोव्हरेन, जुलै २०२० मध्ये रशियाच्या झेनित संघास विकला गेला. त्या उन्हाळ्यात त्सिमिकास, थियागो आणि जोटा हे तीन गुणी खेळाडू संघात आले. परंतु लोव्हरेनच्या जागी कोणी आले नाही. उरलेल्या तिघांपैकी गोमेझचा पाय डिसेंबर २०१८ मध्ये मोडला होता, आणि मातिप तर विजेतेपदाच्या मोसमात लीगचे अवघे ९ सामने खेळू शकला होता. ज्याच्या घरी तीन घागरी आहेत आणि त्यांतील दोन आधीच तडकलेल्या आहेत, त्याने एकीच्या भरवशावर उन्हाळा काढू म्हणणे ह्याला आम्ही दुर्दैव म्हणणार नाही. घाव दैवाचा होता. रिकामी जागा माणसांनी ठेवली होती.

एवढे होऊनही नाताळात लिव्हरपूल गुणतक्त्याच्या शिरोभागी होते, हे आमच्या बालवाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक नसते. १९ डिसेंबरला त्यांनी क्रिस्टल पॅलेसचा ७–० असा फडशा पाडला होता. मग घसरण कोठून सुरू झाली? आमच्या मते खरी हानी दुखापतींहून त्या दुखापतींवरील उपायाने केली.

मधले बॅक संपले म्हणून व्यवस्थापक युर्गेन क्लॉप ह्यांनी मधल्या फळीतील फॅबिन्योस मागे ओढले, आणि पुढे कर्णधार हेंडरसन ह्यासही. दोघेही मागे उत्तम खेळले. फॅबिन्यो तर जन्माचा बॅक असावा असा खेळला. पण तो जेथून उठला तेथे कोण बसले? बचावफळीच्या पुढे उभे राहून प्रतिपक्षाचा चेंडू वाटेतच अडविणे हे त्याचे खरे काम. तो तेथे असे, म्हणून अलेक्झांडर-अर्नोल्ड व रॉबर्टसन हे बाजूंचे बॅक निर्धास्तपणे पुढे धावत आणि आघाडीस चेंडू पुरवीत. तो जाताच त्यांची पावले अडखळू लागली, आणि आघाडीपर्यंत पोहोचणारा प्रवाह आटला. आमच्याकडील खाजन शेतांचे जाणते शेतकरी हे चटकन ओळखतील: एक बांध फुटला म्हणून शेजारच्या बांधाची माती उपसून तो बुजविला, तर खारे पाणी दुसऱ्या वाटेने आत येतेच.

आकडेही हेच सांगतात. घरच्या ॲनफील्ड मैदानावर लीगच्या सलग ६८ सामन्यांत अपराजित राहिलेल्या ह्या संघास २१ जानेवारी २०२१ रोजी बर्नलीने १–० असे नमविले. त्यापाठोपाठ ब्रायटन, मँचेस्टर सिटी, एव्हर्टन, चेल्सी आणि अखेर ७ मार्चला फुलहॅम: घरच्या मैदानावर ओळीने सहा पराभव, जे त्या संघाच्या इतिहासात पूर्वी कधी घडले नव्हते. लोक म्हणत, बचाव ढासळला. पण ह्या सहांपैकी चार सामन्यांत प्रतिपक्षाने एकेकच गोल केला. लिव्हरपूलने सहा सामन्यांत मिळून किती केले? एक; तोही सालाहने पेनल्टीवर केलेला. रोग मागे होता आणि लक्षणे पुढे दिसत होती.

येथे एक आक्षेप न्याय्य आहे, तो टाळता येणार नाही. साथीचे दिवस होते, प्रेक्षागारे ओस पडली होती, तिकिटांचे उत्पन्न बुडाले होते. अशा वेळी संघाच्या मालकांनी हात आखडला तर त्यांस सर्वस्वी दोष कसा द्यावा? आम्ही देत नाही. मात्र नोव्हेंबरातच दोन बॅक गेलेले दिसत असताना, खरेदीची मुदत जानेवारीच्या आरंभी खुली झाली तरी सारा महिना हातावर हात ठेवून काढला, आणि मातिप पडल्यावर अखेरच्या दिवशी, १ फेब्रुवारीस, धावपळ करून दोघांस आणले, हे काटकसरीच्या सदरात मांडता येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणणे ते हेच. त्यांतील एक, ओझान कबाक, जर्मनीतील तळाशी गेलेल्या शाल्के संघाकडून उसना आला आणि बरा खेळला. दुसरा, प्रेस्टनचा बेन डेव्हिस, लिव्हरपूलकडून एकही स्पर्धात्मक सामना खेळला नाही. बाजार उठताना घेतलेल्या भाजीची तक्रार भाजीवालीकडे करू नये.

आता ह्या कथेतील आम्हांस सर्वांत प्रिय भागाकडे वळतो. ह्या साऱ्या धावपळीत नॅट फिलिप्स नावाचा एक तरुण संघातच होता. बोल्टनच्या संघाने त्यास निरोप दिला होता. तो अमेरिकेतील विद्यापीठात शिकावयास निघण्याच्या बेतात असता लिव्हरपूलकडून बोलावणे आले. दुसरा ऱ्हीस विल्यम्स, वय अवघे वीस, जो आदल्या वर्षी सहाव्या पायरीवरील किडरमिन्स्टरकडून उसनवार खेळत होता. फिलिप्सचा वेग बेताचा, पायातील कौशल्य साधे. परंतु उंच चेंडू आला की डोके घालावयास तो कचरत नसे. मार्चमध्ये क्लॉप ह्यांनी फॅबिन्योस त्याच्या जागी, मधल्या फळीत, परत पाठविले आणि मागे फिलिप्स व कबाक ह्यांस उभे केले. फुलहॅमच्या पराभवानंतर लिव्हरपूल आठव्या स्थानी, २८ सामन्यांत ४३ गुणांवर होते. उरलेल्या दहा सामन्यांत ८ विजय, २ बरोबरी. ३० पैकी २६ गुण.

त्या दोन बरोबऱ्या कोणत्या, हे आम्ही मुद्दाम पाहिले. लीड्स आणि न्यूकॅसल. दोन्ही सामन्यांत फिलिप्स नव्हता आणि फॅबिन्यो पुन्हा मागे खेळला. हा योगायोग असू शकेल. आम्हांस तसे वाटत नाही. अखेरच्या पाच सामन्यांत फिलिप्स व विल्यम्स ही नवखी जोडी एकत्र उभी राहिली आणि पाचही सामने जिंकले गेले. त्यांत मँचेस्टर युनायटेडवर त्यांच्याच मैदानावर मिळविलेला ४–२ असा विजयही होता. दैवाने हात दिला नाही असे नाही: १६ मे रोजी वेस्ट ब्रॉमविरुद्ध, सामना बरोबरीत सुटणार अशी चिन्हे दिसत असता, गोलरक्षक ॲलिसन स्वतः पुढे धावला आणि ९५ व्या मिनिटास त्याने डोक्याने विजयी गोल केला. लिव्हरपूलच्या गोलरक्षकाने अधिकृत सामन्यात केलेला तो पहिलाच गोल. त्याच वर्षी फेब्रुवारीत ॲलिसनचे वडील वारले होते. तो गोल पाहताना आमचे डोळे भरून आले हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

अखेर ६९ गुण, तिसरे स्थान. विजेतेपद राखावयास निघालेल्या संघास हे फळ निराशेचेच. तरी मार्चमधील अवस्था पाहता ते अनपेक्षित म्हणावे लागेल. आमचा निवाडा असा की, त्या संघातील पहिले अकरा जण इंग्लंडात अव्वल होते; त्यामागील माणसांचा हिशेब मालकांनी नीट मांडला नव्हता, आणि जी माणसे हाताशी होती त्यांच्यावर विश्वास टाकावयास व्यवस्थापकांस मार्च उजाडावा लागला.

हा शेवटचा दोष लिहिताना आमची लेखणी अडखळते, आणि बसमधील ते वाक्य पुन्हा कानी येते. आमच्या सामन्यात पहिल्या अर्ध्यातच बॅकचा पाय मुरगळला. कडेला आठवीतील एक मुलगा बुटांच्या नाड्या आवळून उभा होता. पावसाळाभर तो एकही सराव चुकला नव्हता; चिखलात इतर घसरत तेथे तो पाय रोवून उभा राही, हे आम्ही पाहिले होते. त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही मात्र नजर वळवून आमच्या सर्वोत्तम हाफास हाक मारली आणि त्यास मागे जाण्यास सांगितले, कारण तो नावाजलेला होता आणि हा लहान होता. पुढे आमची मधली फळी उघडी पडली, आणि तिन्ही गोल त्याच वाटेने आले. सामना संपल्यावर त्या मुलाने पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या, पिशवीत भरल्या व तो बसमध्ये चढला. तक्रारीचा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. संघाच्या निवडीचा अधिकार आमचा होता. तेव्हा 'दुखापतींनी घात केला' असे मुख्याध्यापकांस जे आम्ही सांगितले, ते अर्धेच खरे होते.

लिव्हरपूलने २०२१ च्या उन्हाळ्यात इब्राहिमा कोनाते ह्यास विकत घेऊन चौथी जागा भरली. व्हॅन डाइक, मातिप व गोमेझ बरे होऊन परतले. पुढील मोसमात ३८ सामन्यांत अवघे २६ गोल खाऊन संघाने ९२ गुण मिळविले आणि विजेतेपद केवळ एका गुणाने हुकले. विल्यम्स त्या मोसमात उसनवार स्वॉन्सीस गेला, आणि फिलिप्स जानेवारीत बोर्नमथला.

आमच्या संघाची नवी यादी सूचनाफलकावर लागली आहे. प्रत्येक जागेपुढे दोन नावे आहेत. मधल्या बॅकच्या जागेपुढे दुसरे नाव त्याच मुलाचे असून, पहिल्या मैत्रीपूर्ण सामन्यात तो आरंभापासून शेवटपर्यंत खेळणार आहे. यादी वाचून तो आमच्या खोलीत आला आणि एवढेच विचारून गेला की, सर, चार नंबरची जर्सी कोणी घेतली आहे काय?