विश्लेषण : जुन्या फोटोतला जळका रणगाडा नेमका कोणाचा? कसे ओळखाल?

समजा, जांभूळमधल्या एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर १६ डिसेंबरला, विजय दिनाच्या सकाळी, जळक्या रणगाड्याचा कृष्णधवल फोटो आला. खाली ओळ, ‘लोंगेवाला, १९७१’. फॉरवर्ड करण्याआधी तो तपासता येतो का? येतो. फोटो मोठा करा आणि चाके मोजा.

चाकेच का?

स्फोटात बुरूज उडतो, रंग जळतो, क्रमांक पुसला जातो. चाके मात्र बहुधा जागेवर राहतात. एका बाजूला पाच मोठी चाके आणि पहिल्या-दुसऱ्यात जास्त अंतर असेल, तर तो टी-५४, टी-५५ किंवा चिनी टी-५९. अमेरिकी पॅटनला सहा चाके असतात. शर्मनलाही सहाच, पण दोन-दोनच्या तीन जोड्यांत. लोंगेवालात पाकिस्तानने टी-५९ आणि शर्मन आणले होते. फोटोत पॅटन दिसला, तर ओळ चुकलेली आहे.

पॅटन म्हणजे १९६५च का?

नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळच्या असल उत्तरला पॅटन मोठ्या संख्येने निकामी झाले, पण १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईतही ते होते. त्यामुळे मॉडेलवरून फक्त यादी लहान होते. मग पार्श्वभूमी पाहायची. वाळू असेल तर राजस्थान, ऊस किंवा शेते असतील तर पंजाब.

दोन्हीकडे सारखेच रणगाडे असतील तर?

१९७१ मध्ये हाच पेच होता. भारताचे टी-५५ आणि पाकिस्तानचे टी-५९ लांबून सारखेच दिसत. दोन्हींच्या नळीच्या टोकाशी धूर रोखणारा फुगवटा असतो. म्हणून भारतीय रणगाड्यांच्या नळीच्या मध्यावर आणखी एक खोटा फुगवटा बसवला गेला. आपल्याच माऱ्यात आपले जवान सापडू नयेत म्हणून केलेली ही खूण आज फोटो ओळखायला उपयोगी पडते.

चूक झाली तर बिघडते काय?

सहा चाके जोड्यांत आणि कडेला पोलादी झडपा असलेला सेंच्युरियन या युद्धांत फक्त भारताकडे होता. जळक्या सेंच्युरियनखाली ‘शत्रूचा रणगाडा’ लिहिले, की आपल्याच जवानांच्या बलिदानावर आपण टाळ्या वाजवतो. पुना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल वयाच्या २१ व्या वर्षी ‘फामागुस्टा’ या सेंच्युरियनमध्येच धारातीर्थी पडले. तारीख होती १६ डिसेंबर १९७१.

प्रत्यक्ष कुठे पाहाल?

शेजारच्या अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी २०२१ पासून रणगाडे बनवणाऱ्या आर्मर्ड व्हेइकल्स निगमचा भाग आहे, पण ती पाहायला खुली नसते. अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम मात्र पाहता येते. तिथे पॅटनशेजारी उभे राहून एकदा चाके मोजा. पुढच्या फॉरवर्डवेळी बोट आपोआप थांबेल.