बोहारणीची नजर

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पितळेचा डबा घेणारं गिऱ्हाईक तिथे बराच वेळ हुज्जत घालतं, भाव शंभर-दीडशेने खाली आणतं आणि खुशीत घरी जातं. डबा उपडा करून बघायचं मात्र राहून जातं. पितळेला चुंबक चिकटत नाही. खिशातल्या चुंबकाने तिथल्या तिथे कळलं असतं, की हे पितळ नसून वर मुलामा दिलेलं लोखंड आहे.

जुन्या खरेदीत फसगत होते ती इथे. माणसं भावाला भिडतात, वस्तूला नाही.

वस्तूला भिडावं ते बोहारणीने. दारात भांड्यांची पाटी उतरवून ती साडी हातात घेते, उजेडात धरते, काठ ताणते, निऱ्यांची जागा बोटांनी चाचपते आणि घरधनिणीने नवीकोरी म्हणून काढलेल्या साडीला ‘विरलीय हो ताई’ म्हणून मोकळी होते. पातेल्याचा सौदा त्यानंतर. तिने नेलेले कपडे पुढे धुऊन, दुरुस्त करून विकले जातात. ते घेणारे आपण नव्हेत, असा मध्यमवर्गाचा समज होता. आता त्याच घरातली मुलं इन्स्टाग्रामवरच्या ‘थ्रिफ्ट स्टोअर’मधून कोणाचं तरी जुनं जॅकेट मागवतात. चांगलंच आहे. तान्ह्या बाळाला आजीच्या मऊ लुगड्याची दुपटी करणाऱ्या समाजाने जुन्याला नाक मुरडावं, हेच मुळात नवल.

मात्र फोटोतला कपडा उजेडात धरता येत नाही. म्हणून विक्रेत्याकडे काखेचा, कॉलरच्या घडीचा आणि शिवणीचा जवळून काढलेला फोटो मागावा. काखेतले जुने पिवळे डाग सहसा निघत नाहीत. तुटलेलं बटण किंवा उसवलेली शिवण ही दहा मिनिटांची कामं. लेबलावरच्या ‘एम’, ‘एल’वर जाऊ नये. प्रत्येक कंपनीचा ‘एम’ निराळा असतो. अंगाला नीट बसणारा आपला शर्ट टेपने मोजावा आणि तीच मापं विचारावीत. परत घेणार नाही, असं लिहिणारा विक्रेता माप सांगायलाही टाळत असेल, तर तो सौदा सोडलेला बरा.

लाकडी कपाटाचा खण पूर्ण बाहेर काढून उलटा करावा. पुढून सागवान दिसणारा खण मागून प्लायवूडचा निघू शकतो. कोपऱ्यात बारीक भुकटी दिसली तर आत कीड आहे. पुण्याच्याच अप्पा बळवंत चौकात जुनी क्रमिक पुस्तकं घेताना अभ्यासक्रम बदललेला नाही ना, एवढं बघितलं तरी पुरे.

जुन्या मोबाइलचं प्रकरण वेगळं. तिथे वस्तूइतकाच तिचा मालक तपासावा लागतो. *#०६# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर टाकला, की फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. बिल मागायला संकोच नको. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असूनही तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. निम्म्याहून कमी भावात, बिलाशिवाय, घाईघाईने गळ्यात मारला जाणारा फोन संशयाला भरपूर कारण देतो.

हेल्मेट आणि गॅसची रबरी नळी मात्र जुनी घेऊच नये. आपटलेल्या हेल्मेटचं आतलं थर्माकोल दबलेलं असतं आणि वरून टवका उडालेला नसला तर ते कोणालाच ओळखता येत नाही. या दोन वस्तू आयएसआयचा शिक्का बघून नव्याच घ्याव्यात.