अलास्का : अर्धी सहल पाण्यावर, अर्धी रानात

मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर ‘एकदा सगळे मिळून लांब कुठेतरी जाऊ या’ हा मेसेज दर वर्षी येतो. त्यावर भराभर अंगठे येतात आणि विषय तिथेच थांबतो. कुणाच्या मुलीची बारावी असते, कुणाला रजा नसते, कुणाचा गुडघा दुखत असतो. पण पन्नाशी ओलांडली की एक गोष्ट लक्षात येते. वेळ आणि पैसा जमेपर्यंत थांबलो, तर पाय थांबतात. म्हणूनच, ज्या सहलीत दमदार चालणारा आणि हळू चालणारा असे दोघेही खूश राहतील, अशी एक सहल आज सुचवतो : अलास्का. एक आठवडा जहाजावर आणि पुढचे चार-पाच दिवस जमिनीवर.

अलास्का हे अमेरिकेचं सर्वात मोठं राज्य. क्षेत्रफळ भारताच्या निम्म्याहून थोडं जास्त आणि लोकसंख्या साडेसात लाखांच्या आत. १८६७ मध्ये अमेरिकेने हा प्रदेश रशियाकडून ७२ लाख डॉलरना विकत घेतला. राजधानी जुनो इतर शहरांशी रस्त्याने जोडलेलीच नाही. तिथे जायचं तर बोटीने किंवा विमानाने. म्हणजे इथे जहाज ही चैन कमी आणि वाट जास्त आहे.

जहाजावरचा आठवडा

बरीच जहाजं कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघतात आणि उत्तरेला व्हिटियर किंवा सुअर्ड या बंदरात प्रवास संपवतात. पहिले काही दिवस बेटांच्या आडोशाने, ‘इनसाइड पॅसेज’ नावाच्या जलमार्गाने जायचं असतं. तिथे पाणी बहुधा शांत असतं. समुद्र लागण्याची भीती असलेल्यांनी फक्त शेवटच्या टप्प्यात, खुल्या समुद्रात, गोळी जवळ ठेवावी.

केचिकनला छत्री नव्हे, चांगला रेनकोट न्या. वर्षाला साडेतीन मीटरहून जास्त पाऊस पडणारं हे गाव कोकणातल्या माणसाला ओळखीचं वाटेल, फक्त इथला पाऊस थंडगार. इथे ट्लिंगिट आणि शेजारच्या आदिवासी समाजांचे कोरीव लाकडी टोटेम स्तंभ पाहा. घराण्याच्या कथा आणि नाती त्यांवर कोरलेली असतात. जुनोजवळ मेंडेनहॉल हिमनदी आहे आणि उन्हाळ्यात हंपबॅक व्हेलही दिसतात. हे व्हेल हिवाळा हवाईच्या गरम पाण्यात काढतात आणि पोट भरायला हजारो किलोमीटर पोहून इकडे येतात. स्कॅगवेला १८९८ मधल्या सोन्याच्या शोधाची कहाणी आहे. खिंड ओलांडून कॅनडात शिरणाऱ्या प्रत्येकाने वर्षभराचा शिधा आणि सामान सोबत आणलं पाहिजे, असा पोलिसांचा दंडक होता. ते ओझं साधारण एक टन भरायचं आणि माणसं तेच डोंगर अनेकदा चढून ते वर न्यायची. आज त्याच डोंगरांतून नॅरोगेज रेल्वे जाते. गुडघेदुखीवाल्यांनी खिडकीची जागा धरावी.

सगळ्यात मोठा दिवस ग्लेशियर बे चा. इथे मोठ्या प्रवासी जहाजांना दिवसाला दोनच परवाने मिळतात. म्हणून जहाज निवडताना ‘ग्लेशियर बे मध्ये जातं का?’ हे आधी विचारा. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरची मोहीम इथून गेली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच. तोंडापाशीच बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आला, तोवर बर्फ सुमारे ५० किलोमीटर मागे गेला होता. आज जहाज शंभरएक किलोमीटर आत जातं. त्याआधी हाच बर्फ पुढे सरकला होता, तेव्हा हूना ट्लिंगिट लोकांना इथली गावं सोडावी लागली होती. डेकवर उभं राहून हे आठवलं, की समोरची निळसर भिंत नुसती फोटोपुरती राहत नाही. बर्फाचा कडा कोसळताना आधी दिसतो आणि आवाज क्षणभराने पोहोचतो. त्या क्षणासाठी मोबाइल खाली ठेवा.

जमिनीवरचे दिवस कापू नका

खर्चाचा आकडा पाहिला की ग्रुपमधला कुणीतरी म्हणतो, ‘जहाज पुरे, तिथूनच परतू.’ हा मोह टाळा. जहाजावरून तुम्हाला किनारा दिसतो. रान आत आहे.

सुअर्ड किंवा व्हिटियरहून अँकरेज आणि तिथून रेल्वेने डेनाली राष्ट्रीय उद्यान. ही रेल्वे १९२३ मध्ये पूर्ण झाली. अँकरेज ते डेनाली हा सात-आठ तासांचा प्रवास काचेच्या छताच्या डब्यातून करता येतो. उद्यानात सुमारे १४८ किलोमीटरचा एकच रस्ता आहे आणि उन्हाळ्यात खासगी गाड्यांना फक्त पहिले २४ किलोमीटर मुभा असते. पुढे बसनेच जायचं. २०२१ मध्ये जमिनीखालचा बर्फ वितळून दरड सरकली आणि रस्ता साधारण मध्यावर बंद करावा लागला. बस सध्या कुठपर्यंत जाते ते बुकिंगच्या आधी पाहून घ्या.

बसमधून ग्रिझली अस्वल, मूस, कॅरिबू, डोंगराळ पांढऱ्या मेंढ्या दिसू शकतात. ‘शकतात’ हा शब्द महत्त्वाचा. ६,१९० मीटर उंचीचं, उत्तर अमेरिकेतलं सर्वोच्च शिखर याच उद्यानात आहे, पण ते बहुतेक वेळ ढगांत असतं. साधारण तिघांतल्या एकालाच त्याचं दर्शन होतं. ज्यांना पैसे मोजून डोंगर न दिसल्याचा राग येईल, त्यांना हे आधीच सांगून ठेवा. एका दिवसाऐवजी दोन रात्री मुक्काम ठेवला तर संधी वाढते, खात्री मात्र मिळत नाही. जहाज वेळापत्रक पाळतं, रान पाळत नाही.

अस्वलापासून किमान २७५ मीटर अंतर ठेवायचा इथला नियम आहे. सेल्फीसाठी पुढे जाणाऱ्या मित्राला हात धरून मागे ओढणं हेही मैत्रीचंच काम. बाकरवडी आणि ठेपले खुशाल न्या, पण पायवाटेवर उघडी पाकिटं किंवा उरलेला खाऊ टाकू नका. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल पुढे माणसाला धोकादायक ठरतं आणि शेवटी जीव त्याचाच जातो. शाकाहारींची जहाजावर चांगली सोय होते. छोट्या गावांत पर्याय कमी, म्हणून कोरडा खाऊ असू द्या. विमानतळावर तो न विसरता जाहीर करा. ताजी फळं आणि मांस नेऊ नका.

निघण्याआधी एक बैठक

अशा सहलीत मैत्री तुटते ती मोठ्या भांडणाने नव्हे. न बोललेल्या छोट्या गोष्टींनी तुटते. म्हणून तिकिटं काढण्याआधी एकदा समोरासमोर बसा.

पैसे : ज्याचं बजेट सर्वात कमी, त्याच्या आकड्यावर मूळ सहल बेता. तो आकडा सगळ्यांसमोर विचारू नका, एकेकट्याला विचारा. संकोचापोटी ‘मला काम आहे’ म्हणून मागे राहणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. हिमनदीवर हेलिकॉप्टरने उतरणं, व्हेल पाहण्याची बोट हे महागडे जादा कार्यक्रम ज्याने त्याने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या मर्जीने करावेत. जहाजावर टिप्स, इंटरनेट आणि बरीचशी पेयं सहसा वेगळी मोजतात, तेही आधीच धरा.

केबिन : भाडं दोघांच्या हिशेबाने माणशी लावतात. एकट्याला केबिन हवी असेल तर जवळपास दुप्पट पडू शकतं. विषम संख्येचा ग्रुप असेल तर हा फरक कोण सोसणार ते ठरवा. घोरणारे, पहाटे उठणारे आणि रात्री गप्पा मारणारे कोण, हेही मोकळेपणाने बोला.

मोकळा वेळ : बंदरात सगळ्यांनी एकत्रच फिरायचं, हा आग्रह सोडा. दिवसभर जो तो आपल्या मर्जीने, रात्रीचं जेवण मात्र एकत्र, एवढा एकच नियम पुरतो. दिवसभरात वेगवेगळं पाहिलेलं असलं की जेवताना सांगायलाही काहीतरी असतं.

तब्येत : रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत आणि त्यांची यादी एका मित्राकडे. जहाजावरचा डॉक्टर पैसे घेतो आणि दुर्गम भागातून रुग्णाला हलवणं फार खर्चिक असतं. विम्यात हेलिकॉप्टर किंवा विमानाने हलवण्याचा खर्च धरलाय का, ते वाचूनच सही करा.

कधी जावं?

जहाजं साधारण मे ते सप्टेंबर या काळात असतात. जूनमध्ये फेअरबँक्सला दिवस जवळपास २२ तासांचा असतो, पण तेव्हा उत्तरेचे प्रकाशझोत दिसत नाहीत, कारण आकाश पुरेसं काळं होत नाही. ते पाहायचे असतील तर ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर निवडा आणि जमिनीवरचे दिवस फेअरबँक्सपर्यंत न्या. त्या वेळी डासही कमी होतात. जून-जुलैत मात्र डास चावण्याची तयारी हवी. कपडे एकावर एक घालता येतील असे न्या. जाड स्वेटरपेक्षा पाऊस आणि वारा अडवणारं जॅकेट जास्त उपयोगी.

सर्वात आधी सुरू करायचं काम म्हणजे व्हिसा. अमेरिकेचा हवाच. व्हँकुव्हरहून निघणार असाल तर कॅनडाचाही हवा. सिएटलहून निघणारी परदेशी नोंदणीची जहाजंही १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे वाटेत एखाद्या परदेशी बंदराला लागतात. ते बंदर बहुधा कॅनडातलं व्हिक्टोरिया असतं. म्हणून ‘आम्ही तर अमेरिकेतूनच निघतोय’ असं समजून कॅनडाचा व्हिसा टाळू नका. मुलाखतीची तारीख मिळायला कित्येक महिने लागू शकतात आणि एकाचा व्हिसा अडला तर सगळ्यांचा बेत लटकतो. तेव्हा जहाजाचे फोटो पाहण्याआधी, या आठवड्यात प्रत्येकाने आपला पासपोर्ट कपाटातून काढून त्याची मुदत बघावी.