मुकुट आधी, हक्क मागाहून : नॉर्मन राजांच्या वारशाची कहाणी

१/ इंग्लंडवर नॉर्मन घराण्याची सत्ता १०६६ ते ११५४ अशी ८८ वर्षे होती. या काळात चार राजे गादीवर आले आणि त्यांपैकी एकही आधीच्या राजाचा हयात असलेला थोरला मुलगा नव्हता. हा केवळ योगायोग नव्हे. इंग्लंडमधील लिखित हक्कांच्या परंपरेचे एक मूळ याच डळमळीत वारशात आहे.

२/ ५ जानेवारी १०६६ रोजी एडवर्ड द कन्फेसर निपुत्रिक वारला. रक्ताने सर्वांत जवळचा एडगर, पण तो पोरवयाचा. हेरॉल्ड हा राणीचा भाऊ आणि सर्वांत बलाढ्य सरदार. नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमचे नाते एडवर्डच्या आईकडून. शिवाय एडवर्डने आपल्याला गादीचे वचन दिले होते, असा त्याचा दावा.

३/ हेरॉल्डने दुसऱ्याच दिवशी राज्याभिषेक उरकला. या घाईला कारण होते. राजाने राज्यात राखलेली शांतता त्याच्या मृत्यूबरोबर संपते, अशी तेव्हाची समजूत होती. नव्या राजाला अभिषेक होईपर्यंत गुन्ह्याला जाब विचारणारा कोणी नसे. रिकामे सिंहासन म्हणजे साऱ्या मुलखासाठी अराजक.

४/ २५ सप्टेंबरला हेरॉल्डने उत्तरेत नॉर्वेच्या राजाला धूळ चारली. तीनच दिवसांनी विल्यम दक्षिण किनाऱ्यावर उतरला. १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जच्या रणात हेरॉल्ड पडला. नाताळच्या दिवशी वेस्टमिन्स्टरमध्ये विल्यमचा जयघोष झाला, तेव्हा बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांना तो बंडाचा गलका वाटला आणि त्यांनी भोवतालची घरे पेटवली.

५/ 'बळी तो कान पिळी' एवढ्यावर ही कथा संपत नाही. विल्यमने स्वतःला जेता न म्हणवता एडवर्डचा कायदेशीर वारस म्हणवले. १०८६ च्या डूम्सडे नोंदींत जमिनीचा जुना मालक ठरवताना एडवर्डचा काळ प्रमाण धरला गेला; हेरॉल्ड तिथे बहुधा केवळ सरदार म्हणून उरला. तलवारीने मिळवलेले लेखणीने पक्के करण्यात आले.

६/ १०८७ मध्ये विल्यम वारला. थोरल्या रॉबर्टला नॉर्मंडी मिळाली, मधल्या विल्यम रूफसला इंग्लंड आणि धाकट्या हेन्रीला केवळ पैसा. पुढच्याच वर्षी रॉबर्टच्या बाजूने सरदारांनी बंड केले. रूफसने प्रजेला चांगल्या कारभाराची तोंडी वचने देऊन बंड मोडले आणि नंतर ती वचने विसरून गेला.

७/ २ ऑगस्ट ११०० रोजी शिकारीत बाण लागून रूफस मेला. हेन्रीने विंचेस्टर गाठून खजिना ताब्यात घेतला आणि ५ ऑगस्टला अभिषेक करवून घेतला. रॉबर्ट तेव्हा पहिल्या धर्मयुद्धाहून परतीच्या वाटेवर होता. थोरलेपण दूर राहिले. खजिन्याची किल्ली जवळ असणारा राजा झाला.

८/ हेन्रीची बाजू लंगडी होती, म्हणून त्याला किंमत मोजावी लागली. त्याने अभिषेकाच्या वेळी सनद काढली. सरदाराच्या वारसाकडून जमिनीसाठी वाजवीच रक्कम घ्यावी, विधवेचे लग्न तिच्या संमतीविना लावू नये, चर्चची रिकामी पदे विकू नयेत, अशी बंधने राजाने स्वतःवर लेखी घालून घेतली.

९/ त्यानेही ही वचने पुरती पाळली नाहीत. ११०६ मध्ये त्याने तँशब्रेच्या लढाईत रॉबर्टला पकडले आणि ११३४ मध्ये मरेपर्यंत त्याला कैदेत ठेवले. मात्र तोंडी शब्द रूफसबरोबर विरून गेला, तसा हा कागद विरला नाही.

१०/ ११२० मध्ये 'व्हाइट शिप' बुडाले आणि त्यासोबत हेन्रीचा एकमेव औरस मुलगाही. सरदारांनी कन्या मटिल्डाशी निष्ठेची शपथ घेतली. पण ११३५ मध्ये हेन्री वारताच, ती शपथ घेतलेल्या भाच्याने, स्टीफनने, तीन आठवड्यांत मुकुट चढवला.

११/ पुढची यादवी दीर्घकाळ चालली. तिची झळ दोन्ही दावेदारांहून अधिक शेतकऱ्याला बसली. ११४१ मध्ये स्टीफन कैद झाला, तरी लंडनकरांनी मटिल्डाला हुसकावले आणि तिचा अभिषेक झालाच नाही. अखेर ११५३ च्या तहाने तिच्या मुलाला वारस मानले गेले. ११५४ मध्ये तो दुसरा हेन्री म्हणून गादीवर बसला.

१२/ १२७२ मध्ये तिसरा हेन्री वारला, तेव्हा त्याचा थोरला मुलगा एडवर्डही धर्मयुद्धासाठी परदेशी होता. तो १२७४ मध्ये परतला, तरी गादी त्याचीच राहिली. त्याची कारकीर्द अभिषेकाआधीच सुरू झाल्याचे मानले गेले. रॉबर्टला जे लाभले नाही, ते त्याला नियमाने मिळाले.

१३/ निश्चित वारशाने रक्तपात टळतो, हे निर्विवाद. पण निर्धास्त वारसाला कुणाला वचन देण्याची गरज नसते. ती असते बळकावणाऱ्याला. १२१५ मध्ये जॉन राजाला मॅग्ना कार्टा मान्य करायला लावणाऱ्या सरदारांपुढे हेन्रीच्या सनदेचाच दाखला होता. म्हणून या सनदेचे श्रेय राजाच्या औदार्याला देऊ नये. ते त्याच्या अडचणीला आणि तिचा कागद जपून ठेवणाऱ्यांना द्यावे.